ढोली डुंगरीचे घरटे

डायनासोरची शिल्पे बहुधा उभी असतात आणि बहुधा जबडा वासून असतात. बसलेला, झोपलेला किंवा अंड्यांपाशी असलेला डायनासोर क्वचितच घडवला जातो, कारण अशा मुद्रेला पुरावा मिळणे अवघड. हाडांवरून प्राण्याची उंची, वजन आणि चाल यांचा अंदाज बांधता येतो. तो विसावताना पाय कसे दुमडत असे, मान कुठे टेकवत असे, अंडी घातल्यावर तिथे थांबत असे की निघून जात असे, याविषयी सुटे हाड काही बोलत नाही. मेलेल्या जनावराचे लचके तोडले जातात, पुरात हाडे वाहून जातात आणि मागे राहते ते एखादे मांडीचे हाड किंवा चार मणके. त्यामुळे विसाव्याच्या आणि घरट्याच्या शिल्पांना आधार देणारे जीवाश्म जगभरात मोजकेच आहेत. त्यांतला एक गुजरातेत, ढोली डुंगरी या गावाजवळ १९८४ साली सापडला. त्यात अंडी होती, नुकतेच बाहेर आलेले पिल्लू होते आणि वेटोळे घातलेला एक साप होता. साप आहे हे मात्र सतरा वर्षे कोणाच्या ध्यानात आले नाही.

गुजरातेत डायनासोर कुठे सापडतात हे तिथल्या जमिनीवरून ठरते. सुरतेच्या आसपास, तापीच्या मुखाजवळ, सगळी गाळाची जमीन आहे. पूर्वेला व्यारा-सोनगडकडे निघाले की काळा बेसाल्ट लागतो, आणि तो पुढे खानदेशातून थेट सह्याद्रीपर्यंत पसरला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हा कातळ तयार झाला आणि त्याआधीची जमीन, तिच्यावरच्या नद्या, तळी आणि घरटी यांच्यासह, त्याखाली गाडली गेली. ती जुनी जमीन फक्त लाव्हाच्या कडेकडेने उघडी पडते. जबलपूरजवळ नर्मदेच्या लमेटा घाटावर ती आधी ओळखली गेली, म्हणून या थरांना लमेटा हेच नाव पडले. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा आणि डोंगरगाव, माळव्यात धार जिल्हा, आणि गुजरातेत खेडा-पंचमहालचा पट्टा ही त्याच जमिनीची आणखी तोंडे. सुरतेहून बालासिनोर दोन-अडीचशे किलोमीटरवर आहे. दक्षिण गुजरातला डायनासोरची जवळची मोठी जागा तीच.

लमेटा थरांतून हाडे निघायला लागली ती १८२८ पासून. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेल्या स्लीमनला ती जबलपुरात मिळाली. १८७७ मध्ये जीवाश्मतज्ज्ञ लिडेकरने त्यांतल्या शेपटीच्या मणक्यांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले आणि लांब मानेच्या, चार पायांवर चालणाऱ्या, झाडपाला खाणाऱ्या या अवाढव्य कुळाला पुढे टायटॅनोसॉर म्हणू लागले. विदर्भात पिसदुऱ्याची हाडे नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या काळापासून माहीत होती. तिथली वाळून दगड झालेली विष्ठा तर हाडांइतकीच कामाची निघाली, कारण २००५ साली तिच्यात गवताचे सूक्ष्म कण सापडले आणि डायनासोरच्या काळात गवत होते हे सिद्ध झाले. डोंगरगावचा टायटॅनोसॉर १९८०च्या दशकात उकरून काढला गेला आणि आज ‘इसिसॉरस’ या नावाने ओळखला जातो. त्याचे दंडाचे हाडच जवळजवळ दीड मीटर लांब आहे. गुजरातेतली अंडी कोणत्या प्रकारच्या आईने घातली याची कल्पना करायची तर भारतातला हाच बऱ्यापैकी पूर्ण सांगाडा उपयोगी पडतो.

अंडी मात्र फार उशिरा ओळखली गेली. बालासिनोरजवळ सिमेंटसाठी चुनखडी काढणारी एसीसी कंपनीची खाण होती. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे लोक तिथे काम करत असताना चुनखडीत गोल दगड दिसले. त्यांच्यापैकी धनंजय मोहबे यांनी १९८३ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये टिपण लिहून खेडा जिल्ह्यातली ही अंडी डायनासोरची असल्याचे जाहीर केले. मोहबे यांचे पुढचे बरेच काम नागपुरातून झाले. लमेटातल्या अंड्यांचा आणि घरट्यांचा अभ्यास भारतात रुजवणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे.

अंडी चुनखडीतच टिकली याला कारण आहे. हंगामी पावसाच्या उष्ण प्रदेशात जमिनीतले पाणी आटते तेव्हा त्यातला चुना मातीत साचून राहतो आणि माती हळूहळू कडक होते. अंड्याचे कवचही चुन्याचेच, त्यामुळे अशा मातीत ते विरघळत नाही. आम्लधर्मी मातीत पडलेली अंडी काही वर्षांत नाहीशी झाली असती. इथे ती सिमेंटच्या कच्च्या मालात टिकली आणि तो माल काढण्यासाठीच्या सुरुंगांमुळे उजेडात आली. किती अंडी भट्टीत गेली, याचा हिशेब आता लागणार नाही.

गावकऱ्यांना हे गोल दगड अपरिचित नव्हते. बालासिनोरच्या पूर्वीच्या राजघराण्यातल्या आलिया सुलताना बाबी यांनी या जागेच्या रक्षणासाठी बरीच वर्षे प्रयत्न केले. एका म्हातारबाईच्या घरी मसाला वाटायला वापरला जाणारा दगड अंडे निघाल्याची हकिकत त्या सांगतात. धार जिल्ह्यात अशाच गोल दगडांची शेताचा राखणदार म्हणून पूजा होत असल्याच्या बातम्या २०२३ साली आल्या.

अंड्यांच्या पाठोपाठ हाडे आली. बालासिनोरजवळच्या रैयोली गावी सुरेश श्रीवास्तव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ ते १९८४ या काळात शेकडो हाडे गोळा केली. श्रीवास्तव यांनी एक गोष्ट फार नेटाने केली. प्रत्येक हाड जमिनीत कुठे आणि कोणत्या दिशेने पडले होते, याचा नकाशा काढून ठेवला. पुढे जवळजवळ वीस वर्षांनी अमेरिकी संशोधक जेफ विल्सन, पॉल सेरेनो आणि भारतीय शास्त्रज्ञ ही हाडे पुन्हा तपासायला बसले, तेव्हा कोणते हाड कोणत्या जनावराचे हे या नकाशांवरूनच लावता आले. त्यातून २००३ मध्ये ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ उभा राहिला. डोक्यावर आखूड शिंग असलेला, दोन पायांवर चालणारा, सात ते नऊ मीटर लांबीचा मांसाहारी. त्याच्या जोडलेल्या कवटीची प्रतिकृती भारतीय शास्त्रज्ञांच्या स्वाधीन करण्यात आली. गुजरातचा डायनासोर म्हणून आज जे शिल्प जागोजागी दिसते, ते याच राजासॉरसचे.

ढोली डुंगरी तेव्हाच्या पंचमहाल जिल्ह्यात. १९८४ मध्ये मोहबे यांना तिथे वाळूच्या दगडात अंडी आणि बारीक हाडे एकत्र सापडली. दगडाचा पृष्ठभाग साफ केल्यावर अंड्यांची कवचे, पिल्लाच्या पायाची हाडे आणि मणक्यांची रांग दिसली. घरट्यात अंडी आहेत, शेजारी हाडे आहेत, म्हणजे हाडे पिल्लाची, असा निष्कर्ष निघणे स्वाभाविक होते. १९८७ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात त्यांनी हे पिल्लू प्रसिद्ध केले. अंड्यातून नुकतेच निघालेले लांब मानेच्या डायनासोरचे, म्हणजे सॉरोपॉडचे, पिल्लू घरट्यासह सापडणे हीच गोष्ट इतकी दुर्मीळ होती की आणखी काही असेल, असे कोणाला वाटण्याचे कारण नव्हते.

२००१ मध्ये मिशिगन विद्यापीठाचे जेफ विल्सन भारतात मोहबे यांच्याकडे हा दगड पाहत होते. मणक्यांची रांग त्यांना खटकली. चतुष्पाद प्राण्यांच्या दोन मणक्यांमध्ये पुढच्या-मागच्या सांध्यांची एक ठरावीक जोडी असते. सापांत तिच्या जोडीला आणखी एक सांधा असतो, पाचरीसारखा पुढे आलेला भाग पुढच्या मणक्याच्या खोबणीत बसणारा, आणि त्यामुळे साप अंग वळवताना पाठीचा कणा पिळवटत नाही. दगडातल्या मणक्यांना हा जादा सांधा होता. पिल्लाच्या म्हणून नोंदलेल्या हाडांपैकी बरीचशी सापाची होती.

त्यानंतरची वाट कागदपत्रांची होती. जीवाश्म देशाबाहेर तपासायला नेण्यासाठी भारत सरकारची परवानगी लागते. २००४ मध्ये तसा करार झाला, दगड मिशिगनला गेला आणि तिथे हाडांवरचा खडकाचा पापुद्रा महिनोन्‌महिने खपून काढण्यात आला. सापांच्या जीवाश्मांचे तज्ज्ञ जेसन हेड आणि मोहबे-विल्सन यांच्यासह शॅनन पीटर्स यांनी २ मार्च २०१० रोजी ‘प्लॉस बायॉलॉजी’मध्ये शोध जाहीर केला. सापाला ‘सनाजेह इंडिकस’ हे नाव मिळाले. मूळ दगड भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मालकीचाच राहिला आणि त्याची नोंद कोलकात्याच्या संग्रहात आहे.

दगडात जे आहे ते असे. तीन अंडी. त्यांतली दोन बऱ्यापैकी शाबूत, प्रत्येकी सुमारे १६ सेंटिमीटर व्यासाची, आणि तिसरे चिरडलेले. या चिरडलेल्या अंड्याभोवती सापाचे अंग वेटोळ्यात आहे, मणक्याला मणका जुळलेला. शेजारी पिल्लाच्या छातीचा पुढचा भाग, खांदा आणि पुढच्या पायाची हाडे. सगळ्या पिल्लाची लांबी अर्धा मीटरच्या आसपास भरते, सापाची साडेतीन मीटर. काळ सुमारे ६.७ कोटी वर्षांपूर्वीचा. हाडे विस्कटलेली नाहीत, वेटोळे सुटलेले नाही, आणि वाळूचा थर एकदम पडल्याच्या खुणा आहेत. जोराच्या पावसात वरच्या उतारावरून वाळू-चिखलाचा लोंढा आला असावा आणि साप, पिल्लू, घरटे सगळे एकाच वेळी दाबले गेले असावे, असा अर्थ संशोधकांनी लावला. हा निव्वळ योगायोग नसावा, याला आणखी एक आधार आहे. ढोली डुंगरीलाच अंड्यांजवळ सापाची हाडे दुसरीकडेही मिळाली.

साप तिथे काय करत होता? आजच्या अजगराचा जबडा इतका ताणतो की तो स्वतःपेक्षा जाड भक्ष्य गिळतो. सनाजेहच्या कवटीत ती सोय अजून पुरती आलेली नव्हती. सोळा सेंटिमीटरचे गोल, गुळगुळीत, कडक कवचाचे अंडे त्याच्या तोंडात मावणारे नव्हते, आणि अंडी फोडून खाण्यासाठी काही सापांच्या मणक्यांत वा दातांत जे बदल झालेले दिसतात तेही त्यात नाहीत. पिल्लू मात्र मऊ आणि निमुळते. अंड्यातून बाहेर येताच ते सापाच्या आवाक्यात येत होते. वर्षभरात ते इतके वाढले असते की सापाला ते गिळता आले नसते. म्हणजे टायटॅनोसॉरला सापाचे भय आयुष्याच्या अगदी पहिल्या टप्प्यातच होते, आणि सापाने नेमका तोच टप्पा गाठला होता.

या दगडावरून प्रत्यक्ष आकाराचे शिल्प घडवले ते टायलर कीलर यांनी. ते शिकागो विद्यापीठात सेरेनो यांच्या प्रयोगशाळेत जीवाश्मांवरून प्राण्यांची शिल्पे करत. लोंढा येण्याच्या आधीचा क्षण त्यांनी निवडला: अंडे फुटले आहे, पिल्लू बाहेर येते आहे आणि सापाने वेटोळे घातले आहे. संशोधन निबंधात हाडांच्या छायाचित्राच्या जोडीला या शिल्पाचे छायाचित्र छापले गेले आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी तेच उचलले. दगडाचा फोटो पाहून सामान्य वाचकाला करड्या पृष्ठभागावर काही रेघा आणि उंचवटे यांपलीकडे फारसे कळत नाही.

अशा शिल्पाची रीत साधारण ठरलेली आहे. आधी हाडांची मापे आणि नसलेल्या हाडांचा हिशेब: सापाची लांबी त्याच्या कवटीच्या आणि मणक्यांच्या प्रमाणावरून काढतात, पिल्लाचे न सापडलेले डोके आणि शेपटी नात्यातल्या दुसऱ्या प्राण्यांवरून घेतात. मग तारांचा सांगाडा, त्यावर न वाळणारी तेलाची माती. मातीत आधी स्नायू, मग कातडीच्या वळ्या, शेवटी खवला खवला. मातीचे काम पुरे झाले की त्यावर सिलिकॉन रबराचा साचा घेतात आणि त्यात राळेचे ओतकाम करतात. तत्त्व सुरतेच्या वा पेणच्या गणपतीच्या कारखान्यातलेच. फरक इतकाच की इथे एका मूर्तीसाठी एक साचा. जोड घासून, रंग देऊन, काचेचे डोळे बसवले की काम संपते.

यात शिल्पकाराने किती दगडातून घेतले आणि किती पदरचे घातले, हे वेगळे करून पाहण्याजोगे आहे. वेटोळे दगडातले. अंड्याचा आकार आणि कवचावरच्या बारीक गाठी दगडातल्या. सापाची जाडी बरगड्यांवरून आलेली. पिल्लाच्या कातडीसाठी आधार लागतो तो अर्जेंटिनाचा: तिथे पातागोनियात औका माहुएवो इथे १९९७ साली टायटॅनोसॉरच्या अंड्यांचे विस्तीर्ण क्षेत्र सापडले आणि काही अंड्यांत गर्भाच्या कातडीचे ठसे होते, गोलसर खवल्यांची नक्षी स्पष्ट दाखवणारे. गर्भाला अंडे फोडण्यासाठी नाकाच्या टोकावर टोचणारे काही होते का, पिल्लू बाहेर येताना डोके आधी काढी की पाय, हे प्रश्न शिल्पकारापुढे येतातच. रंग पूर्णपणे कल्पनेचा. सापाचा डोळा, त्याची नजर, पिल्लाचे उघडे तोंड हेही कल्पनेतले, आणि प्रेक्षकाला शिल्पात सर्वात आधी दिसते ते नेमके हेच.

शिल्पकाराची मुद्रा पुराव्यापुढे धावली की काय होते, याचा जुना दाखला लंडनचा आहे. १८५४ मध्ये सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेस बागेत बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्सने रिचर्ड ओवेनच्या सल्ल्याने डायनासोरची पहिली पूर्ण आकाराची शिल्पे उभी केली. त्यांत इग्वानोडॉनची जोडी होती, एक उभा आणि एक लवंडलेला, पुढचा पाय झाडाच्या बुंध्यावर टेकलेला. हॉकिन्सने स्वतःच्या व्याख्यानात एका इग्वानोडॉनला लागलेले सामान मोजून सांगितले आहे: ६०० विटा, १,५५० कौले, ३८ पिंपे सिमेंट आणि ९० पिंपे दगडाची खडी. हा ऐवज म्हणजे मूर्तीपेक्षा छोटे घरच. लवंडलेल्या इग्वानोडॉनला आरामाचा आव आला, पण तो गेंड्याचा आणि सरड्याचा आराम होता. नाकावरचे शिंगही खरे तर त्याच्या अंगठ्याचे हाड होते. १८७८ मध्ये बेल्जियमच्या खाणीत इग्वानोडॉनचे पूर्ण सांगाडे निघाले तेव्हा ते उघड झाले.

दुसरा दाखला घरट्याचा. १९२३ मध्ये अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीच्या मोहिमेला मंगोलियात अंड्यांचे घरटे मिळाले आणि त्याच्या जवळ एका छोट्या, दात नसलेल्या डायनासोरचा सांगाडा. अंडी प्रोटोसेराटॉप्स या दुसऱ्याच डायनासोरची असा समज झाला, म्हणून शेजारचा प्राणी अंडीचोर ठरला आणि हेन्री ऑसबर्नने १९२४ मध्ये त्याला ‘ओव्हिरॅप्टर’ नाव दिले. पुढची सत्तर वर्षे चित्रांत आणि शिल्पांत तो दुसऱ्याच्या घरट्यावर टपलेलाच राहिला. १९९३ मध्ये तशाच एका अंड्यात ओव्हिरॅप्टरच्याच कुळातला गर्भ निघाला. त्याच वर्षी त्या कुळातल्या ‘सिटिपाटी’चा सांगाडा घरट्यावर बसलेल्या अवस्थेत मिळाला: मागचे पाय अंगाखाली घट्ट दुमडलेले, पुढचे हात अंड्यांच्या वर्तुळाला कवेत घेतलेले. चोर आई-बाप निघाला. हातांच्या त्या कवेला पिसे असतील तरच अंडी झाकली जातात, म्हणून आताची शिल्पे पिसांसह बसलेली असतात.

झोपेचा पुरावा चीनचा आहे. लिआओनिंग प्रांतातला ‘मेई लाँग’ जेमतेम अर्ध्या मीटरचा. २००४ मध्ये वर्णन झाले तेव्हा तो पक्ष्यासारखा झोपलेला दिसला: पाय पोटाखाली, तोंड हाताच्या आडोशाला, शेपूट अंगाभोवती. नुसते टेकून बसण्याचाही पुरावा आहे. अमेरिकेत यूटा राज्यात सेंट जॉर्ज इथे एका मांसाहारी डायनासोरने चिखलात बूड टेकल्याचा ठसा २००९ मध्ये वर्णन करण्यात आला. त्यात पायांचे, बुडाचे आणि हातांचे ठसे आहेत, आणि हात तळवे आत वळवून टेकलेले. हातांचे तळवे जमिनीकडे करून धरलेली अनेक जुनी शिल्पे या एका ठशाने चुकीची ठरवली.

गुजरातच्या टायटॅनोसॉरची आई मात्र कीलर यांच्या शिल्पात नाही, आणि ते बरोबर आहे. सिटिपाटीसारखी ती अंड्यांवर बसूच शकत नव्हती. अंड्याचे कवच दोन-तीन मिलिमीटरचे, तिचे वजन कित्येक टन. लमेटातली अंडी उथळ खड्ड्यांत मिळतात, बहुधा एक ते बारापर्यंत, आणि ती मातीने झाकली जात. खड्डा उकरण्याच्या कामी मागच्या पायाचे मोठे, आडवे वळलेले नख आले असावे, असे मत आजच्या कासवांच्या निरीक्षणावरून मांडले गेले आहे. २०२३ च्या जानेवारीत ‘प्लॉस वन’मध्ये धार जिल्ह्यातल्या ९२ घरट्यांचा आणि २५६ अंड्यांचा अभ्यास आला. हर्षा धीमान, गुंटुपल्ली प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की घरटी इतकी जवळजवळ आहेत की त्यांच्यामधून मोठा प्राणी वावरलाच नसता. अंडी घालून माता निघून जात असाव्यात. सनाजेहला राखणदाराचा त्रास नव्हता तो त्यामुळेच.

म्हणजे घरट्यापाशी टायटॅनोसॉरच्या आईचे शिल्प करायचे तर एकच क्षण शिल्लक उरतो, अंडी घालण्याचा. त्यासाठी पुरावा तुटपुंजा आहे. मागचे पाय किती वाकत, शेपूट कुठल्या बाजूला घेतली जाई, उंचावरून अंडी पडू नयेत म्हणून बूड किती खाली येई, हे सांधे कुठवर वळू शकत एवढ्यावरून ठरवावे लागते. डोंगरगावच्या इसिसॉरससारख्या सांगाड्याला म्हणूनच महत्त्व येते. पुढचे पाय लांब असलेल्या या प्राण्याची पाठ मागे उतरती असणार, आणि मागचे पाय वाकवून बूड जमिनीजवळ आणणे त्याला इतर सॉरोपॉडांपेक्षा थोडे सोपे गेले असेल. पण अंडी घालणारी इसिसॉरस कोणी दगडात पाहिलेली नाही.

गुजरातमधली सार्वजनिक शिल्पे या प्रश्नांच्या वाटेला फारशी जात नाहीत. गांधीनगरच्या इंद्रोडा उद्यानात मोकळ्यावर पूर्णाकृती डायनासोर आहेत आणि बालासिनोरची खरी अंडी पेट्यांत आहेत. रैयोलीला ८ जून २०१९ रोजी डायनासोर संग्रहालय सुरू झाले. तिथे राजासॉरस उभा आहे, रुबाबदार आणि जबडा उघडलेला, कारण गाडीतून उतरणाऱ्या शाळेच्या मुलांना तोच पाहायचा असतो. उघड्यावरच्या शिल्पाला फायबरचे कवच आणि आत लोखंडी चौकट लागते, उन्हाने रंग उडतो आणि पावसाने जोड उकलतात. त्यापेक्षा जमिनीवर टेकलेले, कमी उंचीचे शिल्प टिकायलाही सोपे आणि लहान मुलांच्या नजरेच्या पातळीला. बसलेला राजासॉरस करायचा तर यूटाच्या ठशावरून त्याला टेकवता येईल. ओटीपोटाच्या हाडाचे खालचे टोक अशा प्राण्यांना बसताना जमिनीवर आधार देते. प्रश्न पडेल तो हातांचा, कारण त्याच्या कुळातल्या प्राण्यांचे हात इतके खुजे होते की ते जमिनीला टेकत नसत. उठताना तो कशाचा आधार घेई, हे शिल्पकाराला तेवढ्यापुरते ठरवावेच लागेल.

लाव्हा साचला, डायनासोर संपले, साप राहिले. सुरत जिल्ह्यातच, मांगरोळ तालुक्यात वस्तान इथे लिग्नाइटची खाण आहे. तिच्यातले थर सुमारे ५.४ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे सनाजेहनंतर एक कोटीहून अधिक वर्षांचे. तिथून आदिम खूरवाल्यांच्या नात्यातला ‘कॅम्बेथेरियम’, वटवाघळे, राळेत अडकलेले कीटक आणि सापांचे निरनिराळे प्रकार मिळाले. या सापांचे सविस्तर वर्णन २००८ मध्ये झाले. २०२४ च्या एप्रिलमध्ये आयआयटी रुडकीच्या देबजित दत्ता आणि सुनील बाजपेयी यांनी कच्छमधल्या पानंध्रो खाणीतून ‘वासुकी इंडिकस’ जाहीर केला. त्याचे वय सुमारे ४.७ कोटी वर्षे आणि अंदाजे लांबी ११ ते १५ मीटर, म्हणजे सनाजेहच्या तिप्पट-चौपट. मिळाले आहेत ते २७ मणके. कवटी नाही, भक्ष्य नाही, घरटे नाही. त्यामुळे वासुकीचे वेटोळे घातलेले शिल्प कोणी केले, तर ते वेटोळे शिल्पकाराचे असेल. सनाजेहचे मात्र ढोली डुंगरीच्या वाळूत घातलेले आहे.